कापसाच्या खोलीत न बोलायचे शब्द

कापूस घरात आला की आमच्या सासरी काही शब्द घराबाहेर जात.

आंध्राच्या हद्दीतल्या वांकिडीत वेचणी दिवाळीनंतर जोर धरायची. समोरची बैठकीची खोली मग बैठकीची राहत नसे. आधी कोपऱ्यात एक ढीग, मग तो भिंतीला टेकलेला, आणि संक्रांत जवळ आली की खिडकीसुद्धा त्यात बुडालेली. पहिलं गाठोडं खोलीत उघडलं त्या दिवशी मामीजी, म्हणजे माझ्या सासूबाई राहीबाई, कापसाला हळदीकुंकू वाहत, दहीभाताचा घास ठेवत. तिथून पुढे शेवटची बंडी, म्हणजे बैलगाडी, भरून बाजाराला जाईपर्यंत आग, जाळ, पेटणं, भडकणं, जळणं यांतलं काहीही घरात कुणी तोंडातून काढायचं नाही. चूल पेटवायची नसे, 'हासवायची' असे. दिवा 'बसवायचा'. काडी 'जागी करायची'. आणि जिच्या धाकानं हे सगळं चाले तिला म्हणायचं पाव्हनी. नाव घेतलं की येते, अशी समजूत. चुकून कुणी बोललंच, तर जिभेवर मिठाचा खडा ठेवायचा आणि तो विरेपर्यंत गप्प बसायचं. गावातल्या कापूसवाल्या बहुतेक घरांत थोड्याफार फरकानं हेच होतं.

माझं माहेर चंद्रपूरचं. वडील पोस्टात, मी बी.ए. झालेली, कापूस आमच्या घरी वातींपुरता यायचा. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी इतक्या वेळा मीठ खाल्लं, की मामाजी, माझे सासरे महिपतराव, एकदा जेवताना म्हणाले, "सूनबाईले भाजी अळणी वाढा. तिचं मीठ झालं खाऊन."

पण तो नियम मला मनातून आवडायचा. रेणू झाल्यापासून माझा जीव कायम टांगलेला. ह्यांची नोकरी आदिलाबादला, पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात. शनिवारी येत आणि सोमवारी पहाटेच्या बसनं परत जात. मधले सगळे दिवस पहारा माझा. चुलीतले निखारे राखेखाली नीट झाकले का, हे मी निजल्या जागेवरून उठून बघायची. कंदिलाची काच तडकलेली तर नाही, रेणूच्या फ्रॉकची झालर चुलीकडे तर नाही, शेजारच्या डोमाजीभाऊंची बिडी कुठल्या दिशेला उडतेय. "हिच्या नाकाले येकच वास येते," मामीजी म्हणायच्या. त्यामुळे मला कसला वास आला असं मी सांगितलं, तर घरात कुणी मान वर करून बघतही नसे.

हे १९८९ च्या जानेवारीतलं.

माझी नणंद चंपा तेव्हा दहावीला होती. गावातली मराठी शाळा सातवीशी संपायची, म्हणून पुढचं सगळं तिनं तेलगूतून केलेलं. इंग्रजी तेवढं माझ्याकडे. दुपारची भांडी झाली की ओसरीवर, कापसाच्या खोलीच्या दाराशी, आमची शिकवणी बसायची, कारण ऊन तिथंच यायचं. एके दिवशी ती शाळेतून एक मोठं वाक्यांचं भेंडोळं घेऊन आली. सरांनी सांगितलं होतं, आगीची सुरुवात सांगणारे इंग्रजीतले जितके प्रयोग आहेत तितके वाक्यांत वापरून आणा; खऱ्या आगीचेही आणि मनातल्या आगीचेही.

मी पुस्तक उघडलं आणि लगेच मिटलं. "चंपा, हे आपल्याला इथे बोलता येणार आहे का?"

चंपानं आत आवाज दिला. "आई वो, विंग्रजीतून पाव्हनीचं नाव घेतलं त चालते का?"

मामीजी तूर पाखडत होत्या. सूप थांबलं. हा प्रश्न घरात याआधी कधी आलेला नव्हता, आणि त्यांनी तो अगदी मनावर घेतला.

"उर्दू चालनार नाई," त्या विचार करून म्हणाल्या. "निझामाच्या वक्ताले सारी वसुली उर्दूतच होये, कापसाले समजते ते. तेलगू त बिलकुल नाई. बाजारात जाते आन् थेच आयकते. विंग्रजी..." सूप पुन्हा हललं. "विंग्रजी कोन शिकवली त्याले? बोला. पन हळू."

अशी आम्हाला परवानगी मिळाली. आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून कुजबुजत बसलो, आणि सहा वर्षांची रेणू आमच्या मांड्यांमध्ये घुसून.

मला त्या शब्दांचं नवल वाटायला लागलं ते त्या दुपारी. कॉलेजात मी हे सगळे वाचले होते, पण नुसते. आता एकेक हातात घेऊन बघितला. 'कॅच फायर'. पुस्तकातल्या वाक्यात पडद्यानं ती कॅच केली. म्हणजे चेंडू झेलावा तशी?

"पडदा कायले हात पुढं करंन?" चंपा म्हणाली. "तेलगूत बरं हाये. निप्पु अंटुकुंदि, ती येऊन चिकटली..." आणि तिनं जीभ चावली. आतून आवाज आला, "मीठ." चंपा उठली, खडा तोंडात टाकून आली, आणि तिच्या गप्प राहण्याच्या वेळात मी पुढचा शब्द समजावला.

'सेट फायर' म्हणजे कुणीतरी लावली. त्यात माणूस लागतोच. 'बर्स्ट इन्टू फ्लेम्स' म्हणजे एका दमात. 'ब्रोक आउट' म्हणजे जणू आधी कुठे कोंडून ठेवली होती आणि दार फोडून निघाली. 'फ्लेअर अप' आगीचाही होतो आणि माणसाचाही, साध्या बोलण्यावरून एकदम डोकं फिरतं ते.

मीठ विरलं तशी चंपानं बोटानं आत, सुपाकडे खूण केली. आम्ही पदरात तोंड घालून हसलो.

"आन् हा किंडल?"

"तो चांगला आहे. काटक्या रचून हळूच सुरू करायची. आशा किंडल होते, आवड किंडल होते."

"आपली आशा त लागते. नाईतर पालवते," चंपा म्हणाली. "तिले काटक्या नाई लागत." मग तिनं पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वैनी, हे लोक येवढी पाव्हनी कायले बोलावत होते?"

"थंडी फार असते त्यांच्याकडे."

शेवटचा होता 'स्मोल्डर'. जाळ दिसत नाही, विझलेलीही नाही, आतल्या आत चाललेलं असतं. मी तो सांगितला, तर रेणूनं माझी हनुवटी धरून आपल्याकडे वळवली. "मंग ती आली का नाई आली?"

"आलीय, पण दिसत नाही."

"आन् त्याच्या आदी? पाव्हनी येच्या आदी कुठं राह्यते?"

मी मनात तिची जागा शोधू लागले. लाकडात असते म्हणावं तर लाकूड गार असतं. काडीत म्हणावं तर काडीचं खोकं मी स्वतः उंच फळीवर ठेवते, तिथून ती आपसूक उतरत नाही. एवढे शब्द सुरुवातीचे, पण प्रत्येक शब्द सुरुवात होऊन गेल्यावर आलेला. सुरुवात होत असताना कुणी तिथे होतं का? माझ्या डोक्यात तो प्रश्न बसला तो बसलाच. भाकरी थापताना, पाणी भरताना, तो तिथेच.

त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मांजरानं जागा बदलली.

आमचं करडं मांजर थंडीत चुलीजवळचं कधी हलत नसे. रात्री राख कोमट असते, तिथे ते वेटोळं करून निजायचं. ते आता कापसावर निजू लागलं. कापूस उबदार असतो हे खरं. पण इतका मोठा ढीग, खोलीभर, आणि मांजर रोज एकाच जागी, खिडकीकडच्या बाजूला, जिथे थोडा खोलगट भाग होता. हुसकून लावलं तरी तिथेच परत. मी ते तीन-चार दिवस बघत होते. मग एका सकाळी रेणू सापडेना. सगळं घर पाहिलं, परसात पाहिलं, विहिरीकडे धावले. ती सापडली कापसाच्या खोलीत, त्याच खोलगट जागी, मांजराच्या शेजारी झोपलेली. गाल लाल.

"इथं का आलीस?"

"इथं ऊन हाये," ती डोळे चोळत म्हणाली. "आजीच्या मांडीवानी."

खिडकी कापसाखाली होती. तिथे ऊन येत नव्हतं. मी तिला उचलून बाजूला ठेवलं आणि त्या जागी हात घातला. वर कोमट होतं. ते तिच्या अंगाचं असेल. कोपरापर्यंत घातला. तिथे तिच्या अंगाचं काही पोचणार नव्हतं, आणि तिथे जास्त गरम होतं. हात बाहेर काढून हुंगला. ओली सरकी कढईत भाजायला घ्यावी, तसा वास.

आता काय झालं होतं ते सांगायला हवं, म्हणजे मला तेव्हा जेवढं ठाऊक होतं तेवढं. पंधरवड्यापूर्वी बंड्या आसिफाबादच्या बाजाराला निघायच्या होत्या. आदल्या सांजेला मामाजी पाण्याच्या बादल्या घेऊन कापसाच्या खोलीत गेलेले मी पाहिले होते. उंबऱ्यावर पाणी सांडलेलं होतं, मी पुसलं. खोली सारवून घ्यायची असेल, असं समजले. पहाटे निरोप आला की बाजार बंद. बंड्यांचे बैल सोडले. मग शेवटच्या वेचणीचा कापूस आला, तो त्याच ढिगावर टाकला, आणि जागा पुरावी म्हणून मामाजींनी वर चढून पायांनी तुडवून दाबला. पुढच्या सोमवारी सगळं एकदम जाणार होतं.

मी मामीजींकडे गेले. सांगायचं कसं? घरातली जी भाषा होती तिच्यातच सांगितलं. "मामीजी, मला वाटतं कापसात पाव्हनी येऊन राह्यलीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुले रोजच येते वाटते. परवा कंदिलात आली होती, त्याच्या आदी डोमाजीच्या बिडीत."

"या वेळी हात घालून पाहिलंय."

"कापूस गरमच असते बाई. म्हनून त गाद्या भरतात."

मामाजी दारात चपला घालत होते. मी पदर सारखा करून त्यांनाही म्हटलं, ढीग एकदा फोडून, पसरून पाहू या. एरवी ते माझ्याशी हसून बोलायचे. या वेळी त्यांचा चेहरा आवळला. "पुजलेला ढीग हाये. सोमवारी बंड्या येतीन तवा हालंन, त्याच्या आदी नाई. कोनी हात लावाचा नाई त्याले." आणि ते शेताकडे निघून गेले. मला तो राग नवा होता. 'फ्लेअर अप', माझ्या मनात आलं, आणि तशातही वाटलं, एवढ्याशा बोलण्याला एवढं का?

ओसरीवर उभी राहून मी ठरवू शकत नव्हते. हे शनिवारी येणार, आज बुधवार. मी ओरडले असते आणि ढिगात काही नसतं, तर पुजलेला कापूस फोडायला लावणारी, तोंडानं नाव घेणारी सून म्हणून जन्मभर राहिले असते. आणि ओरडले नसते तर? त्या खोलीच्या भिंतीला लागून आमची निजायची खोली. रेणूची उशी त्या भिंतीला.

परसात लोखंडी सब्बल टेकून ठेवली होती, खड्डे खणायची, माझ्या उंचीची. ती पाहिली आणि मला सुचलं. चंपाला म्हटलं, रेणूला तुझ्याजवळ बसव. सब्बल घेऊन मी खोलीत गेले, आणि खोलगट जागी आडवी, ढकलत ढकलत, आत घातली, नुसती मूठ बाहेर राहीपर्यंत. मग चुलीपाशी जाऊन भाकरी केल्या. दुसऱ्या कशात मन लागणार नव्हतं आणि भाकऱ्या करायच्याच होत्या. एक करपली. शेवटची टोपलीत टाकली, हात धुतले, आणि जाऊन सब्बल ओढून काढली.

मूठ गार होती. मधला भाग कोमट. टोकाकडे मी हात नेला आणि काढून घेतला.

ती तशीच पदरात धरून मी मामीजींपुढे नेली आणि टोक त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवलं. "हात लावून पाहा."

"हे कायले आनलं घरात?"

"हात लावा."

त्यांनी तुरीच्या भुशानं भरलेलं बोट टोकाला लावलं. सूप खाली ठेवलं. पुन्हा लावलं, या वेळी तळवा, आणि झटक्यात मागे घेतला. मग त्यांनी नाक जवळ नेऊन लोखंड हुंगलं. त्यांच्या तोंडात शब्द होता हे मला दिसत होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्या घरात जानेवारीत त्यांनी तो कधी काढला नव्हता.

चंपा दारात आली. "आई, शेजारच्याइले बोलावू? काय सांगू?"

"काय सांगशीन," मामीजी म्हणाल्या. "पाव्हनी आली म्हनशीन त लोक चहाले येतीन."

त्या उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, नेहमीसारख्या सावकाश. ओट्यावर गेल्या, पदर खोचला, आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आग लागली वो."

हिवाळ्यात त्या गल्लीत हा शब्द कुणी ऐकला नव्हता. त्यामुळे कुणी विचारलं नाही की खरंच का. घागरी, बादल्या, कळशा घेऊन माणसं अशी आली की मला भिंतीला चिकटावं लागलं. डोमाजीभाऊ बिडी टाकून, पायानं चिरडून आले. मामीजी एकेकाला काम सांगत होत्या. पाणी आत टाकायचं नाही, कापूस बाहेर काढायचा, अंगणात पातळ पसरायचा. चादरी, धोतरं, गोण्या, जे मिळेल त्यात भरून माणसं कापूस ओढून नेऊ लागली. मी रेणूला कडेवर घेऊन दाराशी उभी. तिला दूर न्यायला हवं होतं, आणि मला तिथून हलवत नव्हतं.

वरचा कापूस पांढरा निघाला. मग पिवळसर. त्याच्या आत वाफ होती. उघडल्याबरोबर भात शिजलेल्या पातेल्यासारखी वर आली आणि खोलीभर तो भाजल्या सरकीचा वास. मग तपकिरी, जुन्या चहाच्या फडक्यासारखा, चिकटून ढेपा झालेला. डोमाजीभाऊंनी दाताळं घालून सर्वांत आतली ढेप ओढली. ती जवळजवळ काळी होती. ती जमिनीवर पडून दोन तुकडे झाली, आणि मी वाकून पाहत होते म्हणून मला दिसलं.

आधी काहीच नव्हतं. काळा कापूस. मग फुटलेल्या कडेवर एक धाग्याएवढी लाल रेघ आली. ज्वाळा नाही, ठिणगी नाही. मुंगी चालते तशी ती रेघ कडेनं सरकली, तिच्यामागून धुराचा एक केस उठला, आणि ती थोडी रुंद झाली. कुणी लावली नव्हती. कुणी झेललीही नव्हती. ती कुठून आली नाही; होती तिथेच दिसायला लागली. मला आठवलेला एकही शब्द तिला लागू पडेना, आणि भीतीच्या ऐवजी माझ्या मनात फक्त एवढंच होतं की, अशी असते होय.

मग मामीजींनी त्यावर बादली उपडी केली.

सगळा ढीग बाहेर यायला सांज झाली. मधला कापूस गेला. बाजूचा आणि वरचा पुष्कळ वाचला. अंगण पांढरं झालं होतं आणि मधोमध एक काळा, ओला गोळा. माणसं हात झटकत उभी. तेव्हा रुख्मिणीबाई, डोमाजीभाऊंची बायको, पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मी त आयकलं, या घरी रोज दुपारी विंग्रजीतून तिचंच नाव घेनं सुरू हाये म्हनते."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आमी हळू बोलत होतो," चंपा म्हणाली, आणि ते बोलून अजून वाईट झालं.

"हळू बोललं त काय झालं? देवाचं नाव बी हळूच घेतात. पोचत नाई का?"

"शिकलेल्या सुनेचं असंच," मागून कुणीतरी म्हणालं.

मामीजी पुढे झाल्या. "नाव मी घेतलं. मराठीतून. गल्लीभर आयकलं, म्हनून तं तू आली रुख्मिनी." मग त्या आत गेल्या, मिठाचा खडा घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर जिभेवर ठेवला. नियम त्यांचाच, मोडला तर पाळायलाही त्याच. त्यामुळे आता त्यांना बोलता येईना. डोळे वटारून त्या नुसत्या रुख्मिणीबाईकडे बघत राहिल्या, आणि रुख्मिणीबाईला रान मोकळं झालं. "ते शिकवनं बंद करा पयले. पोरीची जात, कायले पाह्यजे इतके शब्द? या साली तुमच्या घरी झालं, पुढच्या साली गल्लीत होईन."

मामाजी विहिरीजवळ उभे होते. शेतातून धावत आलेले, खांद्यावरचा दुपट्टा घामानं भिजलेला. ते त्या पिवळ्या पट्ट्याकडे बघत होते, पांढऱ्या आणि तपकिरीच्या मधल्या, ओल धरलेल्या. चंपा त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी मान वर केली, रुख्मिणीबाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कापूस गोळा करायला वाकले. मला तेव्हा उंबऱ्यावरचं पाणी आठवलं. पण ते माझ्या तोंडून यायचं नव्हतं.

दिवे लागायच्या वेळेला, म्हणजे बसायच्या वेळेला, लोक गेले. ढीग नव्हता, तरी मी 'बसव' म्हणाले चंपाला. रेणू अंगणात राहिलेल्या कापसाला हात लावून बघत होती, गार आहे का. मांजर चुलीजवळ परत आलं होतं. त्यावर माझा जरा विश्वास बसला.

मामाजी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. चहा नको म्हणाले. मी कप उचलायला गेले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "सूनबाई, थे चंपीले शिकवते त्यात... कोनी लावली नाई, आपल्यानंच झाली, असा शब्द हाये का?"

"आहे मामाजी. कॅच."

"त्यात कोनाचं नाव येत नाई?"

"नाही येत. वस्तूच धरते."

"कॅच," ते म्हणाले. तोंडात घोळवून पाहिला. "बरा हाये." जरा वेळानं म्हणाले, "आन् कोनी लावली असंन त?"

"सेट. पण त्यात मुद्दाम लावलेली असते."

"मुद्दाम नाई. पन हात त लागला कोनाचा. या दोघाइच्या मदातला येखादा नाई का?"

मी खरंच शोधला. पानावरची सगळी वाक्यं डोळ्यांपुढून नेली, मग कॉलेजातली. "नाही आठवत."

"बी.ए.त नोता?"

"नव्हता."

ते हसल्यासारखं करून थांबले. अंगणात आता नीट दिसत नव्हतं, फक्त पांढरं तेवढं दिसत होतं. आत मामीजी चंपाला काहीतरी सांगत होत्या. इंग्रजीचं पुस्तक धान्याच्या कोठीवर ठेवून दे, सध्या काढू नको, असं काहीतरी. मामाजींनी ते ऐकलं. मान खाली घालून ते पायाचा अंगठा चोळत बसले.

"कापूस नरम राह्यला पाह्यजे, वजन भरते, म्हनून सारेच थोडंसं शिपडतात," ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "दोन बादल्या कोनी नाई शिपडत. ओला कापूस दाबला त आतून तापनारच." मग आवाज चढवून म्हणाले, "रेणू. मीठ आन बाई. खडा."

रेणू धावत आत गेली. मिठाच्या कामाला ती नेहमी तयार. मुठीत खडा घेऊन आली आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "आबा, तुमी काय बोलले?"

"काईच नाई बोललो," मामाजी म्हणाले. "म्हनूनच."

त्यांनी खडा जिभेवर ठेवला. रेणू गुडघ्यांवर हात ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, विरला का, विरला का. खडा मोठा होता. तो विरला तेव्हा मामाजींनी पाण्याचा घोट घेतला, चपला पायांत सरकवल्या आणि अंगण ओलांडून रुख्मिणीबाईच्या दाराकडे निघाले.